बगल, कळी आणि तुझी ती यादी

अगं, तुझी यादी मिळाली. बगल, चौबगला, कळी, पडदा, मगजी, अस्तनी, धावदोरा, तसू, चोळखण, जामेवार, दांड. आणि खाली तुझा वैताग: नाटक पेशवाईतलं, कपडेपटातले मास्तर सत्तरीचे, आणि तुला त्यांचे अर्धे शब्द कळत नाहीत. सगळ्यांसमोर मान हलवतेस आणि मग कोपऱ्यात जाऊन मोबाइलवर शोधतेस. वेडाबाई, ते मान हलवणं आधी बंद कर. मास्तरांना कळतंच. शिंप्याचं सगळं आयुष्य समोरच्या अंगाकडे बघण्यात जातं. मान कुठली खरी हलली आणि कुठली खोटी, हे त्याला कळणार नाही तर कुणाला?

आणि मोबाइलवर शोधून काही हाती लागणार नाही, त्याचं कारण सांगते. तू आणि मी शिवण शिकलो ती क्लासमध्ये. छाती भागिले चार अधिक दीड, मुंढ्याची खोली एवढी, गळा तेवढा. म्हणजे आधी अंगाचं माप, मग कागदावर आकार, मग कापड. जुन्या शिवणीत क्रम उलटा असतो. आधी कापड. विणकर धोटा हाताने फेकायचा, त्यामुळे त्याचे हात पोचतील तेवढाच पन्हा निघायचा. त्या पन्ह्यात काय बसतं ते बघून अंगरखा बेतला जायचा. सूत काढण्यात आणि विणण्यात जीव गेलेला असतो, त्यामुळे कात्रीखालून चिंधीसुद्धा वाया जाऊ द्यायची नाही. म्हणून सगळे तुकडे सरळ: चौकोन, आयत, आणि आयत तिरका कापून निघालेल्या कळ्या. तुझ्या यादीतले निम्मेअधिक शब्द या तुकड्यांची नावं आहेत. त्यांचा अर्थ विचारूच नकोस. प्रत्येक शब्दाला दोन प्रश्न विचार: हा तुकडा अंगावर कुठे बसतो, आणि याचा उभा धागा कुठल्या दिशेने जातो? ही दोन उत्तरं मिळाली की तो शब्द तुझा झाला.

बगलेपासूनच सुरू करू, कारण ती कळली की बाकीचा अंगरखा आपसूक कळतो.

अंगरख्याला आजच्यासारखा गोल कापलेला मुंढा नसतो. पाठीची पट्टी सरळ, पुढच्या पट्ट्या सरळ आणि त्यांना काटकोनात जोडलेली सरळ बाही. असा कपडा जमिनीवर छान पसरतो, पण घालून हात वर केलास की सगळा ताण काखेतल्या एका बिंदूवर येतो आणि तिथे टर्रकन उसवतो. त्यावरचा इलाज म्हणजे बगल, काखेत बसवलेला छोटासा चौकोनी तुकडा. आज रात्रीच करून बघ. जुन्या मांजरपाटाचा चार-चार इंचांचा चौकोन काप. बाहीची खालची शिवण काखेपासून चार इंच उघडी ठेव आणि कुशीची शिवणही तेवढीच उघडी ठेव. आता चौकोनाच्या लागून असलेल्या दोन बाजू बाहीच्या दोन कडांना जोड आणि उरलेल्या दोन कुशीच्या दोन कडांना. एक टोक मनगटाकडे बघेल, समोरचं कमरेकडे. कोपऱ्यात शिवण एकदम टोकापर्यंत नेऊ नकोस. शिवणीत जेवढी कड धरली असशील तेवढं आधी थांब, दोन उलटे टाके घाल आणि मगच वळ. नाहीतर कोपऱ्यात चुणी पडते आणि ती इस्त्रीनेही जात नाही.

झालं की अंगरखा पसरून ठेव. बगल दुमडून त्रिकोणी दिसेल. आता हात घालून वर कर. चौकोन उघडतो, आणि मनगटापासून कमरेपर्यंतची ओढ नेमकी त्याच्या कर्णावर येते, म्हणजे कापडाच्या तिरक्या दिशेवर. तिरकं कापड थोडं ताणतं हे तुला ठाऊक आहेच. म्हणून बगल फाटत नाही. आता कळलं ना, मास्तर तुला ‘बगल सरळ धाग्यावर काप’ असं का ओरडून सांगत होते? कापताना तो तुकडा उभ्या-आडव्या धाग्यावर सरळच कापायचा, म्हणजे बसवल्यावर तो आपोआप तिरका येतो. तू हुशारी करून आधीच तिरका कापलास, तर बसवल्यावर तो सरळ येणार आणि सगळी मेहनत पाण्यात.

चौबगला म्हणजे बगलेच्या खाली, पुढच्या आणि मागच्या पट्टीच्या मध्ये कुशीला बसणारा तुकडा. अंग रुंद असेल तर चौबगला रुंद करायचा, पाठ तीच ठेवायची. हे तुझ्या कामाचं आहे, कारण नाटकात नट बदलतात. पहिल्या प्रयोगाचा पेशवा काटकुळा आणि बदली आलेला पोट सुटलेला, असं झालं की अख्खा अंगरखा उसवत बसू नकोस. कुशीतले दोन तुकडे बदल, काम झालं.

आता कळी. परकराच्या कळ्या आईने शिवलेल्या तू बघितल्या आहेस, तेव्हा ही काही नवी गोष्ट नाही. पण अंगरख्याचा घेर कसा निघतो त्याचा हिशेब एकदा डोक्यात बसव. समज, बारा इंच रुंद आणि घेराच्या उंचीइतका लांब आयत घेतलास. वरच्या कडेवर डाव्या कोपऱ्यापासून तीन इंचांवर खूण कर. खालच्या कडेवर उजव्या कोपऱ्यापासून तीन इंचांवर दुसरी खूण कर. दोन्ही खुणा जोडून तिरकं काप. दोन कळ्या निघाल्या, एकीचं टोक खाली, दुसरीचं वर. एक उलटी फिरवलीस की दोन्ही सारख्या: वर तीन इंच, खाली नऊ. चिंधी शून्य. अशा आठ आयतांतून सोळा कळ्या. प्रत्येक बाजूने अर्धा इंच शिवणीत गेला की वर दोन इंच उरतात आणि खाली आठ. सोळा कळ्यांची कंबर बत्तीस इंच आणि घेर एकशे अठ्ठावीस, म्हणजे साडेतीन वारांहून थोडा जास्त. पुढचं पाखं एकावर एक येतं, त्यासाठी कळ्या वाढवाव्या लागतील, पण हिशेबाची रीत हीच.

यातली खोच अशी की प्रत्येक कळीची एक बाजू सरळ धाग्यावर असते आणि दुसरी तिरकी. जोडताना एकीची सरळ बाजू दुसरीच्या तिरक्या बाजूला लाव. सरळ बाजू तिरकीला धरून ठेवते. दोन तिरक्या बाजू एकमेकींना जोडल्यास तर महिनाभरात घेर जागोजागी लोंबायला लागतो आणि खालची कड सापासारखी वळवळते. आणि घेर जोडून झाला की लगेच खालची दुमड घालू नकोस. एक रात्र टांगून ठेव, जे लोंबायचं ते लोंबू दे, मग जमिनीपासून माप घेऊन कड सारखी कर.

तुझ्या दिग्दर्शकाला ‘घेर अजून हवा’ असं म्हणायची सवय आहे, हे मला न सांगताही कळतंय. ते सगळे तसेच असतात. त्यावर कुणीतरी तुला सल्ला देईल की आता कापडाचा पन्हा अठ्ठावन्न इंच असतो, गोल कापून अंब्रेला कर, शिवणी वाचतील. ऐकू नकोस. गोल कापलेला घेर गिरकी घेताना छत्रीसारखा उघडतो, आणि कळ्यांचा घेर प्रत्येक शिवणीवर उभा राहून पडतो. त्या उभ्या शिवणींची रांग हेच तर त्या काळच्या पोशाखाचं अंग आहे. रंगमंचावर मागच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही ती जाणवते, त्याला कारण सांगता आलं नाही तरी.

पडद्याबद्दल थोडक्यात. अंगरख्याला छातीवर गोलाकार उघडा भाग असतो आणि त्याच्या आतून छाती झाकायला एक वेगळा तुकडा येतो, तो पडदा. आतला असल्यामुळे लोक तो विसरतात आणि मग उघड्या भागातून नटाचा बनियन दिसतो. शिवाय संग्रहालयाच्या पुस्तकात पुरुषाच्या अंगरख्याच्या वर्णनात ‘चोळी’ असं वाचलंस तर दचकू नकोस. तिथे चोळी म्हणजे घेर सुरू होण्याआधीचा छातीचा भाग.

बंद कुठल्या बाजूला येतात, याकडेही डोळ्यात तेल घालून बघ. डावं-उजवं ही त्या काळी किरकोळ बाब नव्हती. अबुल फजलने आईन-ए-अकबरीत तकौचिया नावाच्या बिनअस्तरी अंगरख्याची नोंद केली आहे. त्यात तो सांगतो की हा पूर्वी डाव्या बाजूला बांधत असत आणि त्याच्या घेराला चिरा असत. अकबराने घेर गोल करायला आणि बंद उजवीकडे घ्यायला लावले. बादशहाने स्वतः लक्ष घालावं इतकं त्याला महत्त्व होतं. आपल्याकडे गोंधळ होतो तो छायाचित्रांमुळे. ‘उजवीकडे’ म्हणजे घालणाऱ्याच्या उजवीकडे, बघणाऱ्याच्या नव्हे. त्यात चित्र छापताना उलटं झालं असेल तर विचारूच नकोस. चित्रातल्या माणसाची तलवार कुठल्या हातात आहे ते आधी बघ, मग बंदांवर विश्वास ठेव.

त्याच नोंदीत आणखी एक गोष्ट आहे, ती तुझ्यासारख्या कपडे शिवणाऱ्या मुलीसाठी सोन्यासारखी आहे. त्या अंगरख्याला सात गज सात गिरह कापड लागतं आणि कडेच्या पट्टीसाठी पाच गिरह वेगळं. सोळा गिरहांचा एक गज. कडेच्या पट्टीचं कापडसुद्धा वेगळं मोजलेलं आहे, बघ. म्हणजे पट्टी हा शेवटी उरल्यासुरल्यातून करायचा प्रकार नव्हता. आपल्याकडच्या गजाचे चोवीस तसू. जुन्या मराठी कागदात ‘गज’ आणि ‘तसू’ दिसले की चोवीसने हिशेब कर, सोळाने नको. आणि गज गावोगावी सारखा नसायचा, त्यामुळे त्यावरून इंच काढत बसू नकोस, प्रमाण तेवढं बघ. लुगडं मात्र हातांवर मोजायचे. दोन हातांचा एक वार, म्हणून नऊवारी म्हणजे अठरा हात.

पट्टीवरून मगजी आठवली. मगजी, गोट, संजाफ हे सगळे कडेचे प्रकार आहेत आणि शिंप्याशिंप्यागणिक त्यांच्यातली सीमारेषा हलते, तेव्हा तुझे मास्तर कशाला काय म्हणतात ते त्यांच्याकडूनच घे. तुझ्यापुरतं एवढं लक्षात ठेव की गळ्याच्या किंवा घेराच्या वळणावर लागणारी पट्टी तिरक्या कापडाची हवी. तिला कुणी उरेब म्हणतं, कुणी उरेप. सरळ पट्टी वळणावर बसतच नाही, तिला चुण्या पडतात. सरळ कडेला मात्र सरळ पट्टी, तिथे उरेब वापरून कापड उधळू नकोस.

अस्तनी म्हणजे बाही. अस्तनीतला निखारा आपण शाळेपासून वाक्यात उपयोग करत आलोय, पण ती अस्तनी कशी होती ते कुणी सांगितलं नाही. अंगरख्याची बाही हातापेक्षा चांगली लांब असते आणि मनगटाकडे निमुळती होत जाते, त्यामुळे जास्तीचं कापड कोपराखाली चुण्या होऊन साठतं. तुझ्या नटाला ती लांब वाटेल, तो म्हणेल कापून टाक. कापू नकोस, वर सरकवून चुण्या पाडायला शिकव. आणि मनगटाची मोरी मोजताना मूठ बंद करून माप घे. तिथे बटण नाही, हाताचा पंजा त्यातूनच जायचा आहे.

आता टाक्यांकडे ये. सिंगरने शिवणयंत्राचं पेटंट घेतलं 1851 मध्ये, पेशवाई बुडाली 1818 मध्ये. म्हणजे तुझ्या नाटकातला झाडून सगळा कपडा हातशिलाईचा. आतल्या लांब शिवणी तू मशिनवर मार, मी कुणाला सांगणार नाही. प्रयोगाला दणका बसतो, धुणं बसतं, हातशिलाई पुरणार नाही. पण जे दिसतं ते, म्हणजे गळा, पडद्याची कड, बंदांची टोकं, घेराची दुमड, हाताने कर. धावदोरा तुला येतोच, गोधडी घालायला आजीच्या शेजारी बसायचीस तेव्हा आला. धावदोरा म्हणजे सुई वर-खाली, वर-खाली पळवत नेणं. ताण सोसायचा असेल तिथे तो पुरत नाही, तिथे उलटी टीप: पुढे गेलेली सुई अर्धं अंतर मागे आणायची आणि पुन्हा पुढे. जुने कारागीर दोन्ही मिसळायचे. चार टाके धावते, एक उलटा, पुन्हा चार धावते. काम झपाट्याने होतं आणि दोरा कुठे तुटलाच तर पुढची शिवण उसवत जात नाही, त्या उलट्या टाक्यापाशी थांबते. मलमलीसारख्या पातळ कापडात कड उघडी ठेवता येत नाही, ती आत कोंडून दुहेरी शिवण घालावी लागते. कारण मलमल आरपार दिसते आणि आतली चिंधीही बाहेरून दिसते. जेम्स वेल्सने 1792 मध्ये पुण्यात रंगवलेलं सवाई माधवराव आणि नाना फडणविसांचं चित्र तू पाहिलं असशीलच. त्यातल्या पांढऱ्या कपड्यांकडे एकदा शिंप्याच्या नजरेने बघ, राजकारण थोडं बाजूला ठेवून.

आता चोळखण आणि जामेवार. तुझ्यासारख्या मुली फसतात त्या इथे. जुन्या कागदांत कपड्यांच्या याद्या भरपूर आहेत. पेशवे दफ्तरातून निवडलेले कागद सरदेसायांनी छापले, त्याचे पंचेचाळीस खंड आहेत, आणि मानाच्या पोशाखाची वर्णनं वाचताना तोंडाला पाणी सुटतं. पण त्यातली कितीतरी नावं शिवलेल्या कपड्याची नसतातच. चोळखण म्हणजे चोळी नव्हे, एका चोळीपुरतं न शिवलेलं कापड. जामेवार म्हणजे एका जाम्याला पुरेल एवढं कापड. किनखाब हे विणीचं नाव. मंदील, तिवट ही डोक्याला बांधायची वस्त्रं, त्यांना सुई लागतच नाही. तेव्हा यादी हातात आली की शेजारी तीन रकाने आखून घे: कापडाचा प्रकार, कापडाची लांबी, शिवलेला कपडा. प्रत्येक शब्द कुठल्या रकान्यात जातो ते ठरव. निम्मी यादी पहिल्या दोन रकान्यांतच संपेल, आणि निर्मात्याला पोशाखाचा खर्च सांगताना तुझी भंबेरी उडणार नाही.

चोळीचं म्हणशील तर खण हातात घे, सगळं तिथेच आहे. आपल्याकडे ओटीला येतात ते खण बरेचसे बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचे. त्रिकोणी घडी घातलेला असतो म्हणून आपण तो तसाच कपाटात ठेवतो आणि तसाच पुढे कुणाच्या तरी ओटीत घालतो. एक उघड आणि जमिनीवर पसर. दोन्ही बाजूंना काठ. आता चोळी बेतायची ती अशी की काठ बाहीच्या तोंडाशी येईल आणि चोळीच्या खालच्या कडेला येईल. तयार कडच मिळाली, दुमडही नको आणि गोटही नको. पुढे दोन टोकं मोकळी, त्यांची गाठ. टक्स घालून छातीला आकार द्यायचा ही इंग्रजी ब्लाऊजची रीत, गाठीच्या चोळीला तिची गरज पडत नाही. ती तिरक्या ओढीने आणि गाठीने अंगासरशी बसते. तुझ्या नायिकेची चोळी ढगळ दिसली तर टक्स घालू नकोस, कुशीतली शिवण आत घे. आणि पाठीला चेन? अगं, एका मालिकेत पेशवेकालीन बाईच्या पाठीवर चेनची पितळी जीभ मी दिवाणखान्यातून ओळखली होती. नाव सांगत नाही, पोट त्यांचंही आहे.

शब्दांचंही वय असतं, तेही बघ. पोलकं हा शब्द आजीच्या तोंडचा, म्हणून आपल्याला फार जुना वाटतो, पण पोलकं इंग्रजी अमदानीतलं, बटणांचं, फुगीर बाह्यांचं. 1760 सालच्या प्रवेशाच्या यादीत ‘पोलके नग चार’ असं लिहून ठेवशील तर कुणी जाणता माणूस गालात हसेल. तिथे चोळीच. राजा रविवर्म्याच्या चित्रांतल्या नऊवारीतल्या बायकाही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या, त्यांच्यावरून पेशवाईतल्या आनंदीबाईंची बाही ठरवू नकोस.

आणि दांड. हा शब्द तुझ्या यादीत सगळ्यात शेवटी होता, माझा मात्र सगळ्यात लाडका. लुगडं मधोमध झिजतं. झिजलेला भाग कापून काढायचा आणि उरलेली दोन चांगली टोकं एकमेकांना जोडायची, ती जोड म्हणजे दांड. दांड घातलेलं लुगडं नेसलेली बाई म्हटलं की जुन्या वाचकाला तिची सगळी परिस्थिती कळायची. तुझ्या नाटकातली कुणबीण कशी दाखवायची म्हणून तू चहाच्या पाण्याने डाग पाडायच्या विचारात आहेस, असं लिहिलं आहेस. नको. डाग पाडलेलं कापड गलिच्छ दिसतं, गरीब नाही. गरीब बाई लुगडं स्वच्छ धुऊन नेसायची. तू दोन वेगवेगळ्या काठांची लुगडी घे, मधे हाताने दांड घाल, टाके जरा मोठे, दोरा किंचित वेगळ्या रंगाचा. काठ जिथे जुळत नाही तिथे प्रेक्षकाची नजर बरोबर जाईल.

कुठे बघायचं, हे विचारलं आहेस. शब्दासाठी दात्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि मोल्सवर्थचा कोश, दोन्ही उघडे ठेव. मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती 1857 ची आहे, म्हणजे त्याने नोंदवलेले शब्द वापरणारे लोक तेव्हा हयात होते. पण कोशात तुकड्याचा आकार मिळत नाही. आकारासाठी अहमदाबादच्या कॅलिको संग्रहालयातल्या पोशाखांवरचं बी. एन. गोस्वामींचं 1993 चं पुस्तक बघ. त्यात कपडे उलगडून एकेक तुकडा रेखाटून दाखवला आहे. महाग आहे, विकत घेऊ नकोस, मोठ्या ग्रंथालयात बसून ट्रेसिंग पेपरवर उतरवून घे. आणि पुण्यात केळकर संग्रहालय तुझ्या नाकासमोर आहे. तिथे काचेपाशी उभी राहून मोबाइलने पटापट फोटो काढू नकोस. वही घे, एकाच कपड्यासमोर अर्धा तास घालव, शिवणी मोज. कोल्हापूरच्या भानू अथय्यांना ‘गांधी’साठी ऑस्कर मिळालं ते सगळ्यांना पाठ असतं, पण त्या आधी उत्तम चित्र काढणाऱ्या होत्या. हाताने काढलेलं लक्षात राहतं.

पण खरा कोश तुझ्या शेजारी मशिनवर बसलाय. मास्तरांशी कसं वागायचं ते ऐक. ‘काका, हे कसं करतात?’ असं मोघम विचारलंस तर ते म्हणतील, ‘होईल, बघू.’ त्याऐवजी अर्धवट शिवलेला तुकडा घेऊन जा आणि त्यांच्या पुढ्यात ठेव. चुकलेली शिवण बघून गप्प बसवत नाही कुठल्याच शिंप्याला. हातातलं काम टाकून ते तुझं उसवतील, आणि उसवता उसवता जे बोलतील ते लिहून ठेव, त्यांच्याच शब्दांत. तू ‘गसेट’ म्हणू नकोस. तू गसेट म्हटलंस की ते बगल म्हणायचं थांबवतील, कारण त्यांना वाटेल की या शिकलेल्या मुलीला आपला शब्द गावंढळ वाटतो. आणि त्यांनी शिकवलेलं काम मीटिंगमध्ये सांगताना त्यांचं नाव घे. हे मी तुला घरचं म्हणून सांगते: कपडेपटातल्या माणसाचं नाव कुणी घेत नाही, म्हणून तो पुढच्या वेळी हातचं राखून शिकवतो.

राहिली बाराबंदी, जी तू यादीत घातली नाहीस पण तिसऱ्या अंकातल्या शेतकऱ्यांना लागणार आहे. ती शोधायला संग्रहालयात जाऊ नकोस. सोलापूरला संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची यात्रा भरते, नंदीध्वज घेणारे मानकरी पांढरी बाराबंदी घालूनच निघतात. म्हणजे ती बेतणारे हात तिथे अजून आहेत. जा, एक शिवून घे आणि एक उसवून बघ. बारा बंद म्हणजे सहा जोड्या. कुठली जोडी आतून बांधतात आणि कुठली बाहेरून, ते उसवण्याआधी वहीत उतरवून घे. बंद दुमडून दुहेरी शिव आणि वीतभर तरी लांब ठेव, कारण नट अंधारात, घाईत, घामेजल्या बोटांनी बांधणार. बंद जिथे कपड्याला जोडतोस तिथे आतून कापडाचा छोटा चौकोन ठेवून त्यावर टाके घाल, नाहीतर पाचव्या प्रयोगाला बंद हातात येतो आणि बंडीला भोक पडतं. पांढरा मांजरपाट घेशील तो आधी भिजवून घे, आटतो. आणि सोलापूरला जाणारच आहेस तर माझ्यासाठी दोन चादरी आण, पैसे आल्यावर देते.